दौलतरावांची खुनी म्हणून निवड

त्रिंबकरावांनी गेल्या अकरा वर्षांत नऊ खून केले होते आणि त्यातल्या एकाचाही पाटोद्यात गवगवा झाला नव्हता. हेच त्यांचं खरं दुःख होतं. गावात कुणाची शेळी चोरीला गेली तरी चार दिवस हॉटेलात दुसरा विषय नसतो. इथं त्यांनी एका तालुकदाराला सुपारीतून विष घातलं, एका जहागीरदाराला मचाणावरून ढकललं, आणि शेजारच्या अंगदनं विचारलं काय, तर "तात्या, रिटायर झाल्यावर टाइम कसा जातो तुमचा?"

त्रिंबकराव ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या लिहीत. खून निजामाच्या राज्यात व्हायचा आणि अमीन मीर बशारत त्याचा छडा लावायचे. अमीन म्हणजे त्या काळचा फौजदार. हे मीर बशारत दिसायला किरकोळ, बोलायला मऊ आणि कागदाला कागद लावण्यात वाकबगार होते. त्रिंबकराव स्वतः कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, तेव्हा हे साम्य योगायोगाचं नसावं.

लिहिण्याची त्यांची शिस्तही कचेरीचीच. सकाळी पावणेदहाला ते घडीचा शर्ट घालून बैठकीच्या खोलीतल्या टेबलाशी बसत. डाव्या हाताला आवक, उजव्या हाताला जावक. कादंबरीतल्या प्रत्येक पात्राची वेगळी फाइल, आणि पात्र मेलं की तिच्यावर लाल शाईनं 'निकाली' असा शेरा. एक ते दोन जेवणाची सुट्टी. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना लेखन बंद. मारेकरी शुक्रवारी संध्याकाळी सुरा उगारून उभा असला तर तो सोमवारी पावणेदहापर्यंत तसाच उभा राहायचा. खुनी कोण हे मात्र ते स्वतःसुद्धा आधी ठरवत नसत. शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी सगळ्या फाइली पुढ्यात घ्यायच्या, पुरावा तपासायचा आणि निकाल द्यायचा. उगाच कुणाविषयी आधीपासून मनात आकस नको.

आता पात्रांच्या नावांचं. हा भाग नाजूक आहे, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत वधूवर कोण हे शोधायला भिंग लागतं, पण आशीर्वाद देणारे, निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक आणि प्रमुख उपस्थितीतले पुढारी मिळून गावची मतदारयादी छापलेली असते. तिच्यात एक कोपरा दिवंगतांचा. 'यांच्या आशीर्वादाने' म्हणून कै., कै., कै. अशी रांग. त्रिंबकराव त्या रांगेतून नावं उचलत. जुनी, खणखणीत, काळाला शोभणारी नावं फुकट मिळत, आणि मेलेली माणसं भांडायला येत नाहीत असा त्यांचा हिशोब. तरीही खबरदारी म्हणून नाव एका पत्रिकेतलं, वडिलांचं नाव दुसऱ्या पत्रिकेतलं आणि गाव तिसऱ्या पत्रिकेतलं, असा नियम त्यांनी घालून घेतला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात वनमालाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पत्रिकांचा गठ्ठा फडताळातल्या डब्यांखाली अंथरला. टेबलावर उरली एकच पत्रिका. बीडच्या साप्ताहिकाचे संपादक विठ्ठलराव पहिला भाग मागायला दारात उभे होते. त्रिंबकरावांनी घाईत त्याच एका पत्रिकेतून नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं आणि गावही घेतलं. कै. दौलतराव आबासाहेब, बोरगव्हाण. अशा रीतीनं 'कुलपातली बारव' ही त्यांची दहावी कादंबरी क्रमशः सुरू झाली.

कथा साधी होती. निजामाचा एक पेशकार बोरगव्हाणात येतो आणि गावच्या बारवेला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, कुलूप घालून सगळं पाणी आपल्या बागेला लावतो. पुढं एका सकाळी तोच त्या कुलूपबंद बारवेत मेलेला सापडतो. किल्ली त्याच्याच कमरेला. आत कोण गेलं, कसं गेलं, हे मीर बशारत यांनी सोळा भागांत शोधायचं होतं. तेराव्या भागाच्या शेवटी वाचकाला धाकधूक लागावी म्हणून दौलतरावांच्या अंगरख्यावर एक लाल डाग दाखवला होता. चौदाव्या भागात तो पानाच्या पिंकेचा निघणार होता. पण चौदावा भाग यायच्या आत बसस्थानकासमोर फ्लेक्स लागला.

फ्लेक्स वीस फुटी होता. 'बोरगव्हाणचे भूषण कै. दौलतराव आबासाहेब यांची ऐतिहासिक कादंबरीत खुनी म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: विजयसिंहदादा मित्रमंडळ.' दौलतरावांचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून त्यांचे पणतू विजयसिंह यांच्याच चेहऱ्यावर फेटा आणि मिशा चढवल्या होत्या. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे त्रिंबकराव होते. तो फोटो त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातला होता आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते.

भाजीची पिशवी घेऊन त्रिंबकराव तिथं दहा मिनिटं उभे राहिले. चाळीस वर्षं या गावात काढल्यावर आपण पहिल्यांदाच फ्लेक्सवर आलो, आणि तेही झोपलेले, या विचारानं त्यांना काय वाटावं हे कळेना.

दुपारी विजयसिंह स्वतःच घरी आले. बोरगव्हाणचे मोठे बागायतदार, दोनदा सरपंच, आता पंचायत समितीवर डोळा. ते खुर्चीत बसले तेव्हा बरोबरचे चौघं दारात उभे राहिले आणि खोलीत अंधार झाला.

"तात्या, लई भारी केलं," विजयसिंह म्हणाले. "आमच्या घराण्याचं नाव इतिहासात घातलं तुमी."

"दादा, तो इतिहास नाही, कादंबरी आहे. आणि खुनी अजून ठरलेला नाही."

"ठरला न्हाई म्हंजे? फ्लेक्स लागलाय की."

या युक्तिवादाला कचेरीतल्या छत्तीस वर्षांत त्यांना कधी उत्तर सापडलं नव्हतं. तरी त्यांनी धीर धरून विचारलं, "पण दादा, पणजोबांना खुनी म्हणवून घेणं बरं दिसतं का?"

"कावून न्हाई दिसणार? सरकारी मानसाला हात लावायचा, त्येबी निजामाच्या राज्यात. काळीज लागतंय त्याला." विजयसिंहांनी चहाची बशी खाली ठेवली. "त्या रामप्रसादच्या पणज्याच्यानं झालं असतं का?"

रामप्रसाद हे बोरगव्हाणातल्या दुसऱ्या पार्टीचे. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेदहाच्या ठोक्याला हजर झाले, म्हणजे ऐन लेखनाच्या वेळी. चेहरा दुखावलेला होता. पाचव्या भागात दौलतरावांचा हुक्का भरणारा बळीराम नावाचा गडी होता, आणि रामप्रसादांच्या पणजोबांचं नाव बळीराम होतं.

"ते तुमचे पणजोबा नाहीत," त्रिंबकराव म्हणाले.

"मंग कोणाचे हायत?"

त्रिंबकराव बळीरामची फाइल शोधू लागले. रामप्रसाद जरा पुढं सरकून समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा तात्या, खुनीच करा असं माझं म्हननं न्हाई. त्यांचा फ्लेक्स लागलाय, तुमचीबी अडचन समजती मला. पन कटात तरी घ्या. त्यांच्या पणज्यानं खून करायचा आन आमच्या पणज्यानं हुक्का भरायचा, हे इलेक्शनच्या तोंडावर बरं दिसतंय का?"

ते गेल्यावर वनमालाबाई आतून म्हणाल्या, "रिटायर झालेली मानसं मंदिरात जातेत. पत्ते खेळतेत. तुमालाच कसं मुडदे पाडायचं सुचलं?"

यावर तोड सांगायला अंगद कुंपणापलीकडं तयारच होता. अंगद विम्याचं काम करी, त्यामुळं मृत्यूच्या बाबतीत आपल्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं असा त्याचा दावा होता. "तात्या, प्रतिज्ञापत्र करून टाका. कादंबरीतला दौलतराव येगळा, दादांचा दौलतराव येगळा, आपला काय संबंध न्हाई. स्टॅम्पपेपरवर एकदा लिवलं की देवाला पन बोलता येत न्हाई."

त्रिंबकरावांना हे पटलं, पण स्टॅम्पपेपर हाती येईपर्यंत चौदावा आणि पंधरावा भाग छापून गेला; डाग पिंकेचा निघाला तरी फ्लेक्स उतरला नाही. कागदावर त्यांची श्रद्धाच होती. कचेरीबाहेर एक सेवा केंद्र होतं. तिथं शिवकन्या नावाची मुलगी संगणकावर बसे. तिनं त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, दौलतराव मयत हायत का?"

"हो."

"मंग मृत्यू दाखला?"

"कादंबरीतले दौलतराव जन्मलेच नाहीत, तर मरतील कसे?"

"मंग जन्माचा दाखला द्या."

त्रिंबकरावांनी नोकरीत हजारो अर्ज 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून फिरवले होते. लोक त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहत तेव्हा त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूनं कचेरी पाहिल्यावर तो शेरा किती लांबलचक असतो हे त्यांच्या ध्यानात आलं. अखेर शिवकन्याला दया आली. दाखल्याच्या जागी तिनं लग्नपत्रिकाच जोडून घेतली, कारण तिच्यावर 'कै.' असं स्वच्छ छापलेलं होतं. मग तिनं विचारलं, "मयताशी नातं?"

"लेखक."

"तसलं न्हाई हितं. मुलगा, मुलगी, नातू, पणतू, विधवा आन इतर. यातलं सांगा."

"इतर."

छापून आलेला कागद त्यांनी चष्मा घरी विसरल्यामुळं न वाचताच सही करून दिला. इतकी मोठी चूक मीर बशारत यांनी नऊ कादंबऱ्यांत कधी केली नव्हती. घरी येऊन चष्मा लावला तेव्हा मजकूर असा होता: 'मी, त्रिंबक, कै. दौलतराव आबासाहेब यांचा वारस (इतर) असून माझा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.' खाली गोल शिक्का.

अंगदनं त्याचा फोटो काढून आपल्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. हेतू चांगला होता. तालुक्याला कळावं की तात्यांनी हात झटकले. पण लोक वाक्य अर्धंच वाचतात, आणि मराठवाड्यात 'वारस' हा शब्द दिसल्यावर पुढचं अर्धं वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. संध्याकाळपर्यंत बातमी बोरगव्हाणात पोचली की दौलतरावांना पाटोद्यात एक वारस निघालाय. रामप्रसाद ती हातात पेढा घेऊन घरोघर सांगत होते. विजयसिंहांचे तीन चुलते एका जीपमध्ये बसून आले. एकमेकांशी पंधरा वर्षं अबोला धरलेले ते तिघं त्या दिवशी पहिल्यांदा एका बाकड्यावर बसले.

"बारवंखालची जमीन पायजे का तुमाला?" थोरल्यानं विचारलं.

"मला काहीच नको."

"मंग वारस कावून लागलाव?"

त्रिंबकरावांनी संगणकातल्या यादीची गोष्ट समजावून सांगितली. ती त्यांची त्यांनाच खोटी वाटू लागली. शेवटी विजयसिंहांचा फोन आला आणि त्यांनी ते गोडीनं मिटवलं. रविवारी बोरगव्हाणात सत्कार ठेवलाय, शाल आणि फेटा सांगितलाय. त्या दिवशी पेपरात सोळावा भाग येणार. त्यात पणजोबांनी खून केला असं एकदा छापून आलं की वारसाचं सगळे विसरून जातील. नाही आलं, तर चुलत्यांना आवरणं आपल्याला जमणार नाही, कारण आपलं कोणी ऐकत नाही.

सोळावा भाग गुरुवारी सकाळी विठ्ठलरावांना द्यायचा होता. बुधवारी पावणेदहाला त्रिंबकराव सगळ्या फाइली घेऊन बसले. दौलतरावांची फाइल उघडली आणि पहिलीच नोंद आडवी आली. तिसऱ्या भागात त्यांनीच दौलतरावांना एका दाव्यासाठी बीडच्या अदालतीत पाठवलं होतं. खुनाच्या सकाळी ते तिथं साक्षीला उभे होते आणि त्यांची साक्ष नोंदवलेली होती. त्यांना खुनी करायचं तर ती नोंद खोटी ठरवावी लागणार. रातोरात घोडा पळवून आणावा म्हटलं, तर घोडा मध्येच मरत होता. जुळा भाऊ काढावा, तर पत्रिकेत तो नव्हता. नोकरीत साहेब कितीही ओरडले तरी त्रिंबकरावांनी खोटी नोंद कधी केली नव्हती. आता स्वतःच्या कादंबरीत करायची?

"करा की," वनमालाबाई शेंगा फोडत म्हणाल्या. "तिसऱ्या भागात काय लिवलं ते कोणाच्या ध्यानात हाय? तीन महिने झाले त्याला."

"वाचकांच्या असतं ध्यानात."

"कोणच्या वाचकांच्या?"

बाई वाईट हेतूनं बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य त्रिंबकरावांना सुरीसारखं लागलं. खरंच, कोणाच्या? अंगद स्टेटस वाचतो. विजयसिंह फ्लेक्स वाचतात. रामप्रसादांनी आपल्या पणजोबांच्या नावापुढं एक ओळही वाचली नव्हती, कारण पुढच्याच परिच्छेदात बळीरामला बढती मिळून तो कोठीवाला झाला होता. अकरा वर्षं आपण कोणासाठी नोंदी ठेवत होतो, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. ही वेळ दुपारी सव्वाबाराची होती, सुट्टीची नव्हती.

त्याच वेळी दारात एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, रापलेली, हातात बाजाराची पिशवी. "तात्यासाहेबांचं घर हेच का? मी अंजना. बोरगव्हाणची."

त्रिंबकरावांनी कपाळावर हात मारला. "या. तुमचे कोण? पणजोबा की खापरपणजोबा?"

"आमचं कोनी न्हाई त्यात," अंजना म्हणाली. "आमी ऊसतोडीवाले. दौलतराव न्हाई आन हुक्केवालाबी न्हाई. मी दर रविवारी पेपर वाचती. आमच्या पलीकडच्या दुकानात येतो, दुकानदार मला मागचा अंक देतो." ती उंबऱ्यातच टेकली. "मला इतकंच सांगायचं व्हतं. गावात सगळी बोलायलेत की खून दौलतरावानं केला म्हनून छापून येनार. त्यानं कसा केला असंल? त्यो तर बीडला गेलता की, अदालतीत. तिसऱ्या भागात."

 वनमालाबाईंनी शेंगा फोडायचं थांबवलं.

"मग कोणी केला?" त्रिंबकरावांनी हळूच विचारलं. खरोखरच माहिती हवी होती म्हणून विचारलं.

"सुंदरबाईनं."

त्रिंबकरावांना सुंदरबाई आठवायला क्षणभर लागला. पेशकाराच्या बागेत कामाला येणारी ती एक बाई. तिची तर त्यांनी फाइलसुद्धा उघडली नव्हती.

"सहाव्या भागात ती सकाळची बागेत येती," अंजना सांगू लागली, "तवा तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापतुर ओला हाय. बारवंला कुलूप, नदी आटलेली. पानी तीन कोसावर. आवो, वैशाखाचं ऊन. तीन कोस चालून आल्यावर काठ ओला कसा ऱ्हाईल? मी रोज हंडा घेऊन येती, फाटकापतुर वाळून कडक व्हतोय. म्हंजे त्या सकाळी ती बारवंतच उतरलेली असनार. आन खालच्या अंगाला पाटाचं भोक हाय, बागंला पानी जायला. दुसऱ्या भागात तुमीच लिवलंय. बागंत काम करनाऱ्या बाईला ते ठावं असनारच की."

ओला काठ त्रिंबकरावांनी केवळ वाक्य बरं दिसावं म्हणून लिहिला होता. पाटाचं भोक बागेच्या वर्णनात आलं होतं. दोन्ही गोष्टी त्यांच्या कुठल्याही फाइलमध्ये नव्हत्या.

"पण ती त्याला का मारील?"

अंजनानं त्यांच्याकडं जरा नवलानं पाहिलं. "तिची पोरगी पान्याला जाता जाता उन्हानं पडून गेली न्हवं. चौथ्या भागात. दोन वळींत आटपलंय तुमी." मग ती पिशवीचे बंद सारखे करत म्हणाली, "मी तितं थांबले व्हते. त्या दिवशी पुढचं वाचलंच न्हाई."

त्रिंबकरावांना लाज वाटली, अगदी सरळ लाज. छत्तीस वर्षांत हातावेगळ्या केलेल्या सगळ्या दोन-दोन ओळी एकदम आठवल्यासारखी. त्यांनी वनमालाबाईंना चहा टाकायला सांगितला, पण अंजनाची जीप सुटायची होती. ती निघून गेल्यावर त्यांनी एक कोरी फाइल घेतली, वर 'सुंदरबाई' असं लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीलाही न उठता संध्याकाळपर्यंत लिहिलं. मीर बशारत यांनी पाटाच्या भोकापाशी उकिडवं बसून सगळं ताडलं. मग कागद काढला आणि पंचनाम्यात लिहिलं, 'शेवाळावरून पाय घसरून.' खोटी नोंद करायचीच तर ती अशी.

गुरुवारी भाग गेला. रविवारी वनमालाबाईंनी कपाळाला अंगारा लावून त्यांना बोरगव्हाणला पाठवलं. अंगद बरोबर आला होता. तो जीपमध्ये त्यांच्या पॉलिसीची वारसनोंद बरोबर आहे ना, असं दोनदा विचारून गेला.

श्रावणाची झड नुकतीच थांबली होती. शाळेच्या पटांगणात मंडप, हलगी, पुढं बायका, मागं पुरुष. विठ्ठलरावांनी ताज्या अंकाचे दोन गठ्ठे आणले होते आणि आल्या माणसाला ते वाटले जात होते. त्रिंबकराव जीव मुठीत धरून उतरले. आता सगळ्यांनी वाचलं असणार, आता चुलते पुढं होणार. पण चुलते हार घेऊन पुढं झाले. विजयसिंहांनी मिठी मारली. त्रिंबकरावांना आधी काही उमगेना. मग त्यांनी मंडपात पाहिलं. जमीन ओली होती, आणि पाचशे माणसं त्यांच्या सोळाव्या भागावर बसलेली होती.

एकानंही वाचला नव्हता.

शाल आली, फेटा आला. विजयसिंहांनी भाषण केलं आणि त्यात दौलतरावांनी पेशकाराला तीनदा मारलं, एकदा तलवारीनं, एकदा भाल्यानं आणि शेवटी गर्दी तापल्यावर नुसत्या मुठीनं. टाळ्या पडल्या. मागं रामप्रसाद आपल्या माणसांसह तोंड कडू करून उभे होते. त्रिंबकरावांना समजलं की आपण वाचलो. आता फक्त उठायचं, 'आपण केलेल्या सन्मानाबद्दल आभारी आहे' म्हणायचं आणि खाली बसायचं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो फेटा डोक्यावर होता. अंक रद्दीत जाणार होता. कुणाला पत्ता लागणार नव्हता.

ते माइकपाशी गेले आणि त्यांना पुढच्या रांगेत अंजना दिसली. ती पोत्यावर बसली होती. अंक तिच्या मांडीवर होता, चौथं पान वर काढून घडी घातलेला. ती त्यांच्याकडं बघत होती. नजरेत विनंती नव्हती की धाक नव्हता. आता हा माणूस काय बोलतो, एवढंच कुतूहल होतं.

"सन्मानाबद्दल आभारी आहे," त्रिंबकराव म्हणाले.  "पण नोंद चुकलेली आहे. दौलतराव त्या दिवशी बीडला होते. खून सुंदरबाईनं केला."

हलगी थांबली. विजयसिंहांनी माइकवर हात ठेवून विचारलं, "कोन सुंदरबाई? कोनत्या पार्टीची?"

"कुठल्याच नाही. पाण्यासाठी तिची पोर मेली होती." आणि मग त्यांनी विजयसिंहांचा हात बाजूला करून सगळं सांगितलं. कुलूप, तीन कोस, चौथ्या भागातल्या दोन ओळी, गुडघ्यापर्यंत ओला काठ. लिहिलं होतं त्यापेक्षा सांगताना ते जास्त चांगलं झालं. बायकांच्या रांगेत गडबड थांबली. काहीजणींनी बुडाखालचे अंक काढून झटकले.

सांगून संपल्यावर कोणी टाळी वाजवेना. मग चंद्रभागाबाई नावाची एक म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि शांतपणे म्हणाली, "बरं केलं तिनं." तिच्यामागून एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्या बायकांनी. मागून रामप्रसादांनी तर दोन्ही हात वर करून वाजवली, कारण दौलतराव सुटले याचा आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

चुलते उठले होते. पण विजयसिंह काही उगाच दोनदा सरपंच झाले नव्हते. त्यांनी बायकांच्या रांगा एका नजरेत मोजल्या, माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "बोरगव्हाणच्या लेकीनं निजामाला पानी पाजलं. अशा या आमच्या सुंदरबाईच्या नावानं गावात पान्याची टाकी झालीच पायजे, आन ती आमी करनार." मंडप टाळ्यांनी भरून गेला. खाली उतरताना ते त्रिंबकरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "तेवढा वारसाचा कागद फाडून टाका, तात्या. आन पुढच्या टायमाला आधी इचारत जा."

जेवणावळी सुरू झाल्यावर त्रिंबकराव फेटा काखेत घेऊन जीपकडं निघाले. अंजना वाटेत उभी होती.

"शेवट बरा केला," ती म्हणाली. "पन पेशकाराचा घोडा दुसऱ्या भागात पांढरा हाय आन नवव्यात काळा. ते कसं?"

"ते चुकलं."

"मला वाटलं त्यातबी काय तरी असंल. लई इचार केला मी त्याचा."

"नाही. नुसतंच चुकलं," त्रिंबकराव म्हणाले, आणि चूक कबूल करताना इतकं बरं वाटतं हे त्यांना नव्यानं कळलं.

"ऱ्हाऊ द्या. पुढची कवा सुरू करताव?"

"बघू. दिवाळीनंतर, सवडीनं."

अंजनाचा चेहरा उतरला. "दिवाळीनंतर आमी न्हाई हितं. दसरा झाला की कारखान्यावर. तितं पाचटाच्या कोपीत कोन आनून देतंय पेपर? मंग पाडव्यापतुर न्हाईच." तिनं बोटांवर आठवडे मोजले. "दसऱ्याच्या आत संपंल अशी लिवा की. ल्हान असली तरी चालंल."

मुदती त्रिंबकरावांना विठ्ठलराव दरवेळी घालून देत आणि ते दरवेळी मोडत. त्यांनी नुसती मान हलवली. अंगदनं पाटोदा येईपर्यंत सत्काराचं सगळं वर्णन केलं, जणू ते तिथं नव्हतेच. घरी वनमालाबाई दारातच होत्या. हातपाय शाबूत आहेत हे पाहून त्यांनी आधी नवऱ्याला आणि मग फेट्याला निरखलं आणि जेवायला वाढू का विचारलं.

"नंतर," त्रिंबकराव म्हणाले. फेटा खुंटीला अडकवून ते टेबलाशी बसले आणि त्यांनी कोऱ्या कागदावर 'भाग पहिला' असं लिहिलं.

वनमालाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "आवो, आज रविवार हाय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "दसऱ्याला नऊच आठवडे राहिलेत."